भिंतीपलीकडची जागा

आमचं लग्न नांदेडला, नोंदणी कार्यालयात झालं. माझ्याकडून चष्म्याच्या दुकानातला एक कारागीर सही करायला आला होता, तिच्याकडून नर्सिंगच्या हॉस्टेलमधल्या दोन मैत्रिणी. मी त्या दुकानात काचा घासून फ्रेमला बसवण्याचं काम करत होतो. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मी जन्माचा ख्रिस्ती, लातूरचा. ती लोह्याजवळच्या एका खेड्यातली, बौद्ध घरातली. तिच्या आजोबांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतलेली, आणि वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणत.

गुरुजी लग्नाला आले नाहीत. आदल्या आठवड्यात ती सांगायला घरी गेली तेव्हा ते ओसरीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "माझ्या बापानं किती मुश्किलीनं एक धर्म बदलला. गावानं पाणी बंद केलं होतं त्याचं. आन् तू आता तिसरीकडं चाललीस." ती म्हणाली, "मी धर्म बदलून नाही राहिले, दादा. लग्न करून राहिले." ते उठून आत गेले. त्यानंतर तिला त्यांचा फोन नाही की निरोप नाही.

माझी आई लातूरला ख्रिस्ती वस्तीत दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरात राहायची. वडील मी लहान असतानाच गेले होते. आईनं दवाखान्यात आयाचं काम करून मला वाढवलं, आणि सुट्टीच्या दिवशी ती घरोघर जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवायची. चर्चच्या मंडळीत तिला मान होता. मी बायकोला घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. वस्तीत सगळे म्हणतात तसं "सलाम" म्हणाली. बायको सवयीनं "जयभीम" म्हणून गेली. आई बाजूला झाली, आम्ही आत गेलो. संध्याकाळी जेवताना आई मला म्हणाली, "वर्षाच्या आत बाप्तिस्मा झाला पाहिजे तिचा. मी मंडळीत तसा शब्द दिलाय." बायको समोरच बसली होती. आई तिच्याविषयी माझ्याशी बोलत होती.

बायकोला रेणापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नोकरी लागली. मी लातुरात गंजगोलाईजवळच्या एका दुकानात लागलो. ती सकाळच्या बसनं जायची, संध्याकाळी यायची. तिची एक सवय आईला खटकायची. पहाटे उठून ती चटई टाकायची, मांडी घालून डोळे मिटून बसायची. गुरुजींनी तिला लहानपणीच शिकवलं होतं, श्वास आत येतोय, बाहेर जातोय, तेवढंच बघायचं. आईला वाटायचं हा कुठला तरी मंत्र आहे. ती मुद्दाम त्याच वेळी भांडी आपटायची, मोठ्यानं स्तोत्रं म्हणायची. बायको उठून शांतपणे म्हणायची, "आत्या, चहा ठेवू का?"

बाप्तिस्म्याचा विषय निघाला की ती एकच उत्तर द्यायची. "वाचून राहिले मी. पटलं की घेईन. न पटता कसं घेऊ?" ती खरंच वाचत होती. माझं बायबल तिच्या पर्समध्ये असायचं, बसमध्ये वाचायची. आईचं म्हणणं, पटण्याची वाट कशाला बघायची, देव पटवतो नंतर.

मग मुलगी झाली. गोरी नाही, सावळी नाही, आईच्या भाषेत 'गव्हाळ'. आईनं तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं आणि घरातली सगळी कटकट काही दिवस थांबली. आई तिला तेल लावायची, शेक द्यायची, गाणी म्हणायची. बायको कामावर रुजू झाली तशी लेकरू आईपाशीच असायचं. मला वाटलं, आता निभेल सगळं.

मुलीच्या बाप्तिस्म्यासाठी मी चर्चच्या पाळकसाहेबांकडं गेलो. पाळक तरुण होते, नवीनच आले होते. त्यांनी कमिटीकडं बोट दाखवलं. कमिटीचे सेक्रेटरी म्हणजे मला लहानपणी रविवारच्या शाळेत शिकवलेले सर. ते म्हणाले, "आधी आईचा होऊ दे. आई बाहेर आन् लेकरू आत, असं कसं चालेल?" मी घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं लेकराला खांद्यावर घेतलं होतं, पाठीवर थोपटत होती. म्हणाली, "लेकरासाठी खोटं बोलू का देवापुढं? तुम्ही सांगा. बोल म्हणालात तर बोलते." मी बोल म्हणालो नाही. ते मला आजही बरोबर वाटतं.

मुलीला चौथा महिना लागला होता तेव्हा छातीत कफ झाला. बायकोनं पहिल्याच दिवशी ओळखलं, आम्ही दवाखान्यात नेलं, सगळे उपचार झाले. कुणाची काही चूक नव्हती. डॉक्टर चांगले होते. तरी एका सकाळी, आठ वाजले असतील, बायकोच्या मांडीवर तिचा श्वास थांबला. नर्स असल्यामुळं बायकोला ते डॉक्टरांच्या आधी कळलं. तिनं लेकराचं टोपडं नीट केलं.

घरी आणलं तेव्हा गल्लीतले लोक जमले होते. बायका रडत होत्या, आई भिंतीला टेकून बसली होती. दुपारच्या आत दफन करायचं म्हणून मी सेक्रेटरी सरांना निरोप धाडला. ते आणि पाळकसाहेब दोघंही आले. खुर्च्या दिल्या. पाळकांनी प्रार्थना केली. सर खाली बघत म्हणाले, "कमिटीतल्या दोघातिघांशी बोललो मी. लेकराचा बाप्तिस्मा झालेला न्हाई. आईचा न्हाई. लग्न पण मंडळीत लागलेलं न्हाई. आत जागा देता येत न्हाई. उद्या दुसरा कुणी येईल, त्याला काय सांगायचं?"

मी विचारलं, "मग कुठं नेऊ?"

"कब्रस्तानच्या भिंतीला लागून बाहेर जागा हाय की. चांगली हाय. तिथं करू. आम्ही सगळे येऊ. गाणी म्हणू."

ती जागा मला माहीत होती. लहानपणी आम्ही तिथं बाभळीच्या शेंगा गोळा करायचो. लोक तिथं कचरा टाकायचे, डुकरं फिरायची. मी पाळकांकडं पाहिलं. ते म्हणाले, "नियम माझा नाही, भाऊ." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी नाकारत नाही.

तेवढ्यात आई म्हणाली, "भिंतीला लागूनच तर हाय. आत काय न् बाहेर काय, माती तीच की."

सकाळपासून गप्प असलेली बायको तेव्हा पहिल्यांदा बोलली. आवाज चढवून नाही, जसं पेशंटला विचारतात तसं. "माती तीच हाय तर आत का नको, आत्या?"

सर घड्याळ बघत होते. बायको उठली, शेजारच्या खोलीत गेली आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिनं वडिलांना फोन लावला. मला तिचं एवढंच ऐकू आलं, "दादा, माझं लेकरू गेलं. इथं पुरू देईनात." पलीकडून काय आलं ते तिनं मला नंतर सांगितलं. गुरुजी म्हणाले, "घेऊन या. मी बंदोबस्त करतो."

दुकानाच्या मालकांनी जीप दिली. शेजारचा एक मुसलमान मेकॅनिक चालवायला बसला. मी आईला म्हणालो, "चल." आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं मान हलवली, न्हाई म्हणून. ती का आली नाही? कदाचित मंडळीला दिलेल्या शब्दासाठी, कदाचित बौद्धांच्या स्मशानात उभं राहायला नको म्हणून, कदाचित गुरुजींसमोर कोणत्या तोंडानं जायचं म्हणून. मी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. ज्या लेकराला तिनं रोज न्हाऊ घातलं, त्याला पोचवायला ती आली नाही, एवढं माझ्या लक्षात राहिलं.

अहमदपूरवरून लोह्याकडं जाताना दोन्ही बाजूला सोयाबीन उभं होतं. बायकोनं लेकराला मांडीवर घेतलं होतं, ऊन लागू नये म्हणून पदरानं झाकलं होतं. वाटेत एका ठिकाणी रस्त्याचं काम चालू होतं, जीप उसळायला लागली, तेव्हा ती ड्रायव्हरला म्हणाली, "जरा हळू घ्या भाऊ." त्यानं जीप बैलगाडीसारखी हळू चालवली.

गावात गुरुजी वेशीवरच उभे होते. पांढरा सदरा घातलेला, हातात टॉवेल. मी त्यांना पहिल्यांदा बघत होतो. त्यांनी आधी आपल्या लेकीच्या मांडीवरून लेकराला उचललं. नात म्हणून पहिल्यांदा घेतली ती अशी. वस्तीतली सगळी माणसं आली होती. खड्डा खणून ठेवला होता, स्वच्छ, कडा सारख्या केलेल्या, बाजूला लिंबाचा पाला. कुणी मला विचारलं नाही की तू कोण, तुझा धर्म कोणता. वंदना झाली. मग गुरुजी माझ्याकडं वळले. "तुमच्यात जे म्हणतात ते तुम्ही म्हणा. आम्ही थांबतो."

मी पुढं झालो. आयुष्यभर पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. देवाला काय म्हणायचं तेच कळेना. मी नुसता उभा. लोक वाट बघत होते. गुरुजी जवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि हळू म्हणाले, "डोळे मिटा. श्वास येतोय, जातोय, तेवढं बघा. आज दुसरं काही जमायचं न्हाई." मी डोळे मिटले. किती वेळ गेला सांगता येत नाही. उघडले तेव्हा बायको माती लोटत होती.

परतल्यावर घरात एकाच छपराखाली आम्ही तिघं तीन दिशांना तोंड करून राहू लागलो. मी चर्चला जायचं सोडलं, प्रार्थनाही सोडली. आई एकटी जायची आणि परत येऊन आम्हाला ऐकू जाईल असं मोठ्यानं आमच्यासाठी प्रार्थना करायची. बायको ठरल्या दिवशी कामावर गेली. उपकेंद्रात लसीकरणाचा वार होता. दुसऱ्यांची तान्ही लेकरं मांडीवर घेऊन तिनं दिवसभर सुया दिल्या. संध्याकाळी मी विचारलं, "कसं झालं?" ती म्हणाली, "झालं."

ती पहाटे बसायची थांबली नाही. एकदा मी चिडलो. अंथरुणातूनच म्हणालो, "तुला बसवतं तरी कसं? लेकरू गेलं आपलं आन् तू शांती शोधून राहिलीस."

तिनं डोळे उघडले. "शांती कुठली. दिवसाचं रडू इथं रडून घेते. म्हणजे दवाखान्यात लेकरं हातात धरता येतात."

तेव्हा मला दिसलं की तिची मान ताठ होती, हात मांडीवर स्थिर होते आणि सगळा गळा ओला होता. ती रोज अशीच बसत होती आणि मला ते माहीत नव्हतं. पुढं काही दिवसांनी मी तिच्या शेजारी चटई टाकली. तिनं विचारलं नाही. पहिले काही महिने मला त्यात काहीच मिळालं नाही. डोळे मिटले की सेक्रेटरी सरांचा चेहरा, ती बाभूळ, ती खुर्ची. मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायचो, त्यांना शिव्या द्यायचो. तिला सांगितलं तर म्हणाली, "द्या. शिव्या देता देता श्वास बघा." तसं करत करत कधी तरी शिव्या विरळ झाल्या. आणि त्या विरळ जागेत एक दिवस माझ्या तोंडून 'प्रभू' हा शब्द निघाला. मागणं काही नव्हतं. दाराशी येऊन माणूस नुसती हाक मारतो, तशी हाक. त्या दिवसापासून मी श्वास घेताना 'प्रभू' म्हणतो आणि सोडताना 'ये'. कुणी शिकवलेलं नाही. बरोबर की चूक, माहीत नाही.

बायको त्या काळात शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूच्या आयुष्याची पुस्तकं, वाचत होती. एका रविवारी दुपारी भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमचा येशू दोस्त मेल्यावर रडतो. त्याला परत जिवंत उठवणार हाय हे माहीत असून रडतो." थोड्या वेळानं म्हणाली, "मला हा माणूस पटला." मी विचारलं, "मग बाप्तिस्मा?" ती मेथीच्या काड्या बाजूला करत म्हणाली, "तो पटला. ती भिंत न्हाई पटली." पुढं मी परत चर्चला जायला लागलो, तशी तीही माझ्याबरोबर येऊ लागली, शेवटच्या बाकावर बसू लागली. प्रभुभोजनाच्या वेळी बाप्तिस्मा झालेले सगळे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला पुढं जातात तेव्हा ती जागेवर बसून राहते. मीही तिच्याबरोबर बसून राहतो. लोकांना ते हेका धरल्यासारखं वाटतं. आमच्या लग्नाचा आशीर्वाद कुठं घ्यायचा राहिला असेल तर तो मला त्या बाकावर मिळाला, असं मी समजतो.

नंतर मुलगा झाला. तो आता बारावीला आहे, उंच झालाय, कुणाचंच ऐकत नाही.

आईला शेवटची दोन वर्षं हृदयाचा त्रास होता. पायाला सूज, आडवं झालं की धाप. सगळं बायकोनं केलं. गोळ्या, अंघोळ, अंथरूण. आईनं तिला कधी चांगलं म्हटलं नाही, शेजारणीला मात्र सांगायची, "नर्स हाय ना, सवय असती त्यांना." एका दुपारी आईला जोराची धाप लागली. ती घाबरली, डोळे मोठे झाले, माझा हात सोडेना. रुग्णवाहिका यायला वेळ होता. बायको तिच्या पाठीमागं बसली, आईला आपल्या छातीवर टेकवून धरलं आणि कानाजवळ म्हणाली, "आत्या, माझ्याबरोबर. आत घेताना प्रभू. सोडताना येशू. घाई न्हाई. परत. प्रभू." हळूहळू आईचा श्वास तिच्या श्वासाला जुळला. गाडी आली तोवर तिची धाप बरीच उतरली होती.

दवाखान्यातून घरी आल्यावर आईनं तिला विचारलं, "हे तुमच्यातलं हाय का आमच्यातलं?"

"श्वास हाय आत्या. तो कुणातला असतोय?"

आईनं बराच वेळ खिडकीकडं पाहिलं. मला वाटलं आता ती काही बोलेल. त्या लेकराविषयी, त्या दुपारीविषयी. ती म्हणाली, "जरा पाणी दे." त्यानंतर रोज सकाळी ती पलंगावर बसून आमच्याबरोबर डोळे मिटायची. पण तो विषय तिनं मरेपर्यंत काढला नाही.

तिची अंत्ययात्रा मोठी झाली. सेक्रेटरी सर आता म्हातारे झाले होते, तरी त्यांनी शवपेटीला खांदा दिला. भिंतीच्या आत, चांगल्या जागी, सावलीत तिला जागा मिळाली. गाणी झाली. मी माती टाकली. बायको भिंतीकडं पाठ करून उभी होती.

त्यानंतरच्या वर्षी मंडळीनं कुटुंबाचा रविवार पाळायचं ठरवलं. सर घरी आले. म्हणाले, "तुम्हा दोघांनी साक्ष द्यावी अशी इच्छा हाय. तुमच्या आईची सेवा तुम्ही कशी केली ते सगळ्यांनी पाहिलंय. कुटुंबात सामर्थ्य कुठून मिळतं, दहा मिनिटं बोला." बायको चहा घेऊन आली होती. ती कप ठेवून म्हणाली, "हे बोलतील. मी बसते."

मी काही लिहून नेलं नाही. उभा राहिलो आणि सांगितलं की सामर्थ्य मला माझ्या बायकोकडून मिळालं, तिच्या बापानं तिला शिकवलेल्या बसण्यातून मिळालं, आणि त्या बसण्यात मला माझा ख्रिस्त परत सापडला. तो हरवला होता, कारण याच मंडळीनं माझ्या लेकराला भिंतीबाहेरची जागा देऊ केली होती. तिला जागा दिली ती ज्यांना आपण विश्वास न ठेवणारे म्हणतो त्यांनी. एवढं बोलून मी खाली बसलो.

चर्चमध्ये पंख्यांचा आवाज येत होता. मग पेटीवाल्यानं पुढच्या गाण्याचा सूर धरला आणि सगळे उभे राहिले. बाहेर नाश्ता होता, उपमा आणि चहा. लोक पावसाविषयी बोलले, मुलाच्या बारावीविषयी बोलले. सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सगळ्यांपुढं काढायला नको होतं. इज्जतीचा प्रश्न असतो." मी म्हणालो, "कुणाच्या, सर?" ते कपातला चहा हलवत राहिले. एक म्हातारी बाई मात्र बायकोजवळ आली, तिचा हात धरला आणि म्हणाली, "माझं पण एक तिथंच हाय. भिंतीबाहेर. चाळीस वर्षं झाली असतील." एवढं बोलून ती दुसऱ्या बायकांच्या घोळक्यात गेली.

नियम बदलला नाही. कमिटीत विषय निघाला होता म्हणतात, पुढच्या बैठकीवर टाकला. आम्हाला पुन्हा कुणी साक्षीला बोलावलं नाही.

आम्ही अजून त्याच चर्चला जातो. प्रभूच्या प्रार्थनेत, आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा करतो तशी आम्हाला कर, ही ओळ येते तेव्हा माझा आवाज बंद होतो, आणि पुढच्या ओळीला परत सुरू होतो. बायको बाकावर माझ्या शेजारी ती ओळ स्पष्ट म्हणते. मागच्या रविवारी घरी येताना मी तिला विचारलं, "तुला जमतं का खरंच, माफ करायला?"

ती रस्ता ओलांडण्यासाठी दोन्हीकडं बघत होती. म्हणाली, "न्हाई. मी नुसतं म्हणते."